वरवरचं पाणी

परवा भरदुपारी, पिंप्राळ्याच्या आमच्या घरात कूलर घरघरत होता, खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या होत्या आणि लेकीनं मला एक सिनेमा लावून दिला.

"आई, घोड्या-बंदुकांच्या मुलखातला आहे. पण ह्यात काही होत नाही. तुला आवडेल."

"काही होत नाही तर बघायचं काय?"

"माणसं. नुसती कामं करत असतात. तुझ्यासारखी."

एवढं बोलून ती स्वतः दहा मिनिटांत झोपली. मी बसून राहिले. सिनेमा बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. हातात निवडायला तूरडाळ घेतली होती. पडद्यावर एक आजारी माणूस, त्याची बहीण आणि एक म्हातारा खेचरवाला. आजाऱ्याला गाडीत घालून उजाड डोंगरांपलीकडच्या वस्तीवर न्यायचंय, तिथे डॉक्टर आहे म्हणतात. बंदूक आहे, पण ती गाडीच्या दांडीला टांगलेलीच राहते. तंबू लावायचा, काढायचा. चाकाला चरबी लावायची. खेचराचा खूर उचलून खडा काढायचा, आणि तो खडा निघेपर्यंत कॅमेरा हलत नाही. लहानपणी चोपड्याला व्हिडिओवर पाहिलेल्या असल्या सिनेमांत दर पाच मिनिटांनी कुणीतरी घोड्यावरून पडायचं. इथे दीड तासात कुणी पडलं नाही. तरी छातीवर दडपण होतं, कारण गाडीवरचं पाण्याचं पिंप रोज थोडं हलकं वाजत होतं.

मग ती बाई एक पेला विसळते. दोन घोट पाणी असेल, ते वाळूवर टाकते. स्वच्छतेची सवय, दुसरं काही नाही. खेचरवाला बघतो. कॅमेरा त्या ओल्या डागावर थांबतो. डाग कडेनं आक्रसत जातो आणि शेवटी नुसती वाळू राहते.

माझ्या हातातली डाळ तशीच राहिली.

मे महिना माझ्यासाठी दोन प्रकारचा असतो. एक साधा: पापड, कुरडया, नागलीची बिबडी, गच्चीवर पाय पोळत पसरलेल्या साड्या. दुसरा जनगणनेचा. तो कैक वर्षांनी येतो आणि मास्तर लोकांच्या सुट्ट्या खातो. यंदा तो परत आलाय. शाळेत पत्रं आली, ओळखपत्रं आली. पूर्वी रेघा मारलेले मोठे कागद असायचे, आता सगळं मोबाईलवर. नव्या शिक्षिका कुरकुरतात. मी मुख्याध्यापिका, मी त्यांना म्हणते, "उन्हाची सबब सांगू नका. आम्ही सातपुड्यात पायी जाऊन घरं मोजलीत." हे वाक्य मी किती वेळा टाकलं असेल. ते खरं आहे. पण ते तिथेच संपवावं लागतं. पुढचं सांगितलं तर ओळखपत्र गळ्यात घालून मिरवता येणार नाही.

तेव्हा मी चोपडा तालुक्यात होते, तिशीच्या आत. नोकरी नवी, अंगात रग. घरयादीसाठी मला आणि महाजन सरांना डोंगरातला शेवटचा पाडा मिळाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव घेण्याइतकी ओळख मी नंतर ठेवली नाही. त्याच्या पलीकडची डोंगराची सोंड मध्य प्रदेशात. नकाशावर तिथे तुटक रेघ होती आणि आमचं काम त्या रेघेच्या अलीकडची घरं लिहायचं. रस्ता संपला तिथे जीप थांबली. उरलेली वाट कोरड्या नाल्यातून, अर्ध्या दिवसाच्या चढणीची. वाट दाखवायला पाड्यावरचा गुमान खाली आला होता.

बघा, अजूनही हातून तेच उमटलं. गुमान. त्या वेळी त्याचं वय पन्नाशीचं असेल. आमच्या गावात चाळिशीच्या माणसाला भाऊ म्हणतात, साठीच्याला आबा, अनोळखी गाडीवाल्यालाही नाना. त्याला मी पहिल्या वाक्यापासून "अरे गुमान" म्हटलं. कुणी शिकवलं नव्हतं. डोंगर चढायला लागलं की आमच्या लोकांची जीभ आपोआप तशी वळते.

महाजन सर धुळ्याकडचे, जाडजूड, गमत्ये. अर्ध्या चढावर धापा टाकत म्हणाले, "मॅडम, सरकारनी आपले मोजाले नही, कमी कराले धाडेल शे." मी हसले. गुमानही हसला, पण जरा उशिरा आणि दुसरीकडे बघून. त्याची बोली पावरी. आमच्याशी बोलताना तो अहिराणी आणि मराठी मिसळून बोलायचा, एकेक शब्द तपासून खाली ठेवल्यासारखा.

त्या वाटेवर पळस नुसते काड्यांसारखे उभे होते. सागाची पानं पायाखाली कुरडयांसारखी मोडायची. सूर्य नाल्याच्या दगडांत साठून खालून वर यायचा. सिनेमातल्या त्या बाईचा चेहरा ज्या रंगाचा झालेला, तो रंग मला मेकअपचा वाटला नाही.

दुपारी गुमाननं आम्हाला एका उंबराखाली बसवलं. नाल्याच्या पात्रात, वाळूत, परातीएवढा खळगा होता, त्यावर सागाची पानं, पानांवर दगड. पाड्याचा झिरा. पानं काढली तर तळाशी चार बोटं पाणी. गुमान गुडघ्यावर बसला आणि भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी घ्यायला लागला. तुंबा टेकवायचा, कलवायचा, थांबायचं. एक बाटली भरायला इतका वेळ की सरांनी तेवढ्यात डुलकी काढली.

"अरे, जरा भरभर घे ना," मी म्हटलं. "मी घेऊ का?"

त्यानं तुंबा माझ्या हातात दिला. "वरवर ल्या मॅडम. खोल नका जाऊ. वरवर."

वरवर. हा शब्द मला सोसत नाही. मी यावलकडच्या केळीवाल्याची मुलगी. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे विहीर. दर वैशाखात वडील विहिरीत माणसं उतरवायचे, गाळ काढायचे, आणि काठावरून खाली ओरडायचे, "अजून दोन हात जाऊ द्या! पानी खाली हाय!" आणि पाणी असायचं खाली. विहिरीच्या पोटात बोअर, बोअरच्या पोटात अजून बोअर. खोल गेलं की पाणी लागतं, हे आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं. वरवर केर काढणारी, वरवर अभ्यास करणारी, वरवर भांडी घासणारी माणसं वाया गेलेली. म्हणून गुमानचं ते "वरवर" मला कामचुकार माणसाचं वाटलं. चांगला गाळ काढून ठेवायला काय होतं ह्या लोकांना, असं मी सरांना म्हणालेसुद्धा.

संध्याकाळपर्यंत आम्ही घरं लिहिली. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं. आम्ही ज्याला दुर्गम म्हणत होतो तिथे गुमानची बायको सायबाई कोंबड्या हाकत होती आणि मला विचारत होती की इतक्या लांब, जळगावकडे, करमतं कसं. फॉर्मात पाण्याचा रकाना होता: कुठून आणता, किती लांब. प्रत्येक घराला मी तेच लिहिलं. झरा. घरापासून दूर. एकसारखं, सुवाच्य अक्षर. माझ्या अक्षराचं वरच्या साहेबांनी नंतर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो. सर निघतानाच गप्प होते. एरवी हा माणूस देवळातही गप्प बसत नाही. झिऱ्यापाशी येईतो त्यांचा घाम थांबला होता, कातडी कोरडी, तापलेल्या तव्यासारखी. उंबराच्या मुळाला टेकून बसले आणि बरळायला लागले. बायकोला हाका मारत होते. बाटल्या संपलेल्या.

गुमाननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "ऊन लागेल शे. झोळी आनस. पानी पाजत ऱ्हा मॅडम." आणि तो वर पळाला. पन्नाशीचा माणूस, चढावर, अनवाणी.

मी एकटी राहिले. तुंबा टेकवला, कलवला. चार घोट. परत टेकवला. दोन घोट, त्यातही वाळू. आता थांबायला हवं होतं. पाझरायला जेवढा वेळ लागतो तेवढा. पण समोर माणूस जळत होता आणि माझ्या कानात वडील ओरडत होते. मी पिशवीतून डबा काढला, स्टीलच्या झाकणानं खळगा उकरायला लागले. ओली वाळू सरासर निघाली. पाणी वर आलं! खरंच आलं, बोटभर, दोन बोटं, गढूळ पण भरपूर. मला अभिमान वाटला. अजून खोल गेले. खाली काहीतरी चिकट लागलं, थंड, साबणासारखं. मी तेही खरवडलं. पाणी भसकन वाढलं. ओढणी लावून गाळत मी दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या.

मग आवाज आला. मोरीतलं पाणी शेवटी करतं तसा. खळग्यातलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. हात घातला तर बोटं त्या चिकट मातीतून आरपार कोरड्या वाळूत गेली. ती चिकणमातीची पापडी म्हणजे त्या झिऱ्याचा तळ होता. पाणी तिच्यावर साठत होतं. खाली काहीच नव्हतं, नुसतं जाणं होतं.

मी माती परत दाबून पाहिली. दाबली की फाटत होती. मग मी जे केलं ते अगदी नीटनेटकं केलं. खळगा वाळूनं सारखा केला, वर पानं रचली, पानांवर दगड ठेवला. सरांना पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं.

गुमान आला तेव्हा बरोबर बांबूला गोधडी बांधून केलेली झोळी, तीन पुरुष आणि डोक्यावर हंडा घेऊन सायबाई. झोळी न्यायचीच आहे तर येता येता पाणी भरावं म्हणून ती आली होती. तिनं दगड बाजूला केला, पानं काढली. बसली. तळहात वाळूवर ठेवून राहिली, आजारी लेकराच्या पोटावर ठेवावा तसा. मग आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. पुरुषही वाकून बघायला लागले. कुणी ओरडलं नाही. सायबाईनं वर पाहिलं ते माझ्या चेहऱ्याकडे नाही. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते.

गुमाननं वाळूत कोपरापर्यंत हात घातला. थोडा वेळ तिथेच ठेवला. बाहेर काढला, झटकला आणि माझ्याकडे न बघता, मला समजेल अशा मराठीत म्हणाला, "अस्वल. अस्वलानं उकरलं."

इथे मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "हो, मलाही तिकडे खसफस ऐकू आली."

सायबाईनं रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि नाल्यानं खाली निघाली. पुढचं पाणी दीड तास खाली होतं. म्हणजे चढून यायला दोन. पाऊस यायला महिना तरी होता. तेवढा हिशोब मला चालता चालता करता आला, मी गणित शिकवायचे.

चौघांनी सरांना खांद्यावरून खाली आणलं. जीप उभी होती. मी पुढे बसले, ड्रायव्हरला "चला, चला" करत होते. गुमान खिडकीशी आला, माझ्या हातात काहीतरी ठेवलं.

"मॅडम, तुमचं झाकण."

वाळूनं घासून लखलखीत केलेलं. मी "थँक यू" म्हणाले. जीप निघाली. वळून बघितलं नाही.

त्या सिनेमाच्या शेवटी खेचरवाला त्या दोघांना वस्तीच्या वेशीवर सोडतो आणि रिकामी गाडी फिरवतो. ती बाई भावाला आत घेऊन जाते. तिनं मागे वळून बघावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ती बघत नाही. पडदा काळा झाला, लेक जागी झाली. "संपला? काय झालं शेवटी?"

"पोचले," मी म्हटलं.

त्या झाकणाचा डबा अजून आहे. फळीवर मागे ठेवलेला असतो, त्यात काही भरत नाही. झाकणाच्या कडेला बारीक ओरखडे आहेत, एकाच दिशेचे. घरात मी एवढी टापटिपीची की जुनं काही टिकत नाही. हे कसं टिकलं, कुणी विचारत नाही. मी फॉर्म जमा केले तेव्हा पाण्याच्या रकान्यात दुरुस्ती केली नाही. खाडाखोड चालत नव्हती. पुढची कितीतरी वर्षं कागदोपत्री त्या पाड्याला झरा होता.

हे सगळं तिथेच राहिलं असतं. पण माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली आता त्याच तालुक्यात शिक्षिका आहे, आणि यंदा तो पाडा तिच्याकडे आला. गेल्या आठवड्यात तिचा फोन: "मॅडम, तुम्ही गेला होतात ना तिथे? काही सांगा." मी सांगितलं, टोपी घाल, मीठ-साखरेचं पाणी ने. आणि तिथे कुणी गुमान असतील तर... "तर नमस्कार सांग," म्हटलं.

काल तिचा वरून फोन आला. सोंडेवर रेंज येते आता.

"मॅडम, आबा आहेत! नजर गेली आहे, पण बोलतात. आणि मॅडम, एक गंमत. येताना नाल्यात एक जागा लागली, उंबराखाली. हातपंप लागायच्या आधी तिथे पाणी असायचं म्हणे. त्या जागेला हे लोक 'मॅडमचं अस्वल' म्हणतात. का म्हणता विचारलं की हसतात नुसते. तुम्हाला माहितीये?"

म्हणजे बठ्ठ्यांना, सगळ्या पाड्याला माहीत होतं. मला वाटत होतं, मी लपवलंय. त्यांनी त्याला नाव ठेवून पोरांना वाट सांगायला वापरलं होतं.

"आबांना फोन दे," मी म्हटलं.

आधी वारा आला. मग श्वास. मग तोच आवाज, झिजलेला.

"मॅडम? तो जाडा सर... वाचना का?"

चौघांनी खांद्यावर वाहून आणलेला माणूस. त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. एक पोस्टकार्ड लागलं असतं.

"वाचले, आबा," मी म्हणाले. माझ्या तोंडून त्यांना पहिल्यांदा आबा निघत होतं. "धुळ्याला असतात. नातवंडं आहेत."

"चांगलं शे. ते पानी पुरनं का त्याले?"

इथवर लिहिताना मी एक गोष्ट गाळली. वाचणाऱ्याच्या लक्षात आली नसेल, कारण मी ती नीट झाकली, पानं रचून. मी दोन बाटल्या भरल्या असं लिहिलं आणि सरांना पाणी पाजलं असं लिहिलं. दोन्ही खरं. वरवर. ह्यातलं राहिलेलं आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही.

फोनवर सांगितलं.

"आबा, सरांना एकच बाटली दिली. दुसऱ्या बाटलीनं मी हात धुतले. कोपरापर्यंत चिखल होता. तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि तो झिरा मीच उकरला."

पलीकडून आबांचा आवाज, पण माझ्याशी नाही, मागे कुणाला तरी, त्यांच्या बोलीत. लगेच एका म्हातारीचं हसू आलं, मोठं, खणखणीत, आणि बराच वेळ तिचं बोलणं. फोन परत वैशालीकडे गेला.

"मॅडम, काय सांगितलंत तुम्ही? सायबाई आजी आबांना म्हणतायत, मी तेव्हापासून सांगतेय, हिचे हात धुतलेले होते. पाणी सगळं सरांना दिलं, असं आबा म्हणायचे म्हणे. इतकी वर्षं भांडायचे दोघं ह्यावरून. आबा मानतच नव्हते, मॅडम."